बेस परत येईपर्यंत

विलास, आधी कामाचं सांगते. माहुलचा बेस चालू झाला. कंट्रोल रूमच्या गच्चीवरचा आणि जेट्टीकडचा, दोन्ही एकमेकांना ऐकतात. तू घेतलेला बॅकअप चालला. तू समोर असतास तर पाणी पिण्याआधी हेच विचारलं असतंस, म्हणून हे पहिलं.

आता दुसरं. मला भीती वाटते. रडू येतं त्यापेक्षा जास्त भीती वाटते, आणि हे कुणाला सांगावं ते कळत नाही. गाळ्यात शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याचा कॉम्प्रेसर बंद पडला की मी हातातलं सोल्डरिंग खाली ठेवते. घरी नवरा, अविनाश, बाथरूममध्ये जरा जास्त वेळ राहिला तर दार वाजवते. परवा तो आतून वैतागून म्हणाला, "अगं दाढी करतोय, दाढी पण बोलत बोलत करू का?" मी हसले नाही. मला खरंच वाटतं, त्याने बोलत बोलत दाढी करावी. कुणी गप्प झालं की मला त्याला हाक मारावीशी वाटते, आणि माणसं दिवसातून किती वेळ गप्प असतात हे मला तू गेल्यावर कळलं.

भित्रा तू होतास. मी नव्हते. साकीनाक्याच्या त्या गाळ्यात आपण इतकी वर्षं समोरासमोर बसलो, आणि आपलं भांडण कायम एकच. तू कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी त्याची सगळी सेटिंग उतरवून घ्यायचास. बोरिवलीच्या त्या सोसायटीत आठवतं? वॉचमनच्या वॉकीटॉकीवर फक्त एक नाव बदलायचं होतं, 'गेट'च्या जागी 'मेन गेट'. तू लॅपटॉप उघडून आधी बॅकअप घेतलास. वॉचमन उन्हात उभा, सेक्रेटरी घड्याळ बघतोय, आणि तू शांतपणे फाईलला नाव देतोयस. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "विलास, किती घाबरतोस रे. एका शब्दाचा बॅकअप?" तू एरवी आमच्यासारखंच मुंबईचं बोलायचास, पण अशा वेळी तुझ्या तोंडून गाव बाहेर पडायचं. "भ्या वाटता म्हणान काम नीट होता गो," म्हणालास. मी तुझी नक्कल करून गाळ्यात सगळ्यांना दाखवली होती. तूही हसला होतास. त्या हसण्यासाठी तुला थँक्यू म्हणायचं राहिलं. दुसरा कुणी असता तर मनात धरून बसला असता.

सुलभावहिनींनी मला त्या दिवशी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये विचारलं, "तो बेस म्हणजे नक्की काय असतं? घरात रोज नाव ऐकत होते, कधी विचारलं नाही." अशा वेळी कुणी असं विचारेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांना काहीतरी धरायला हवं होतं, म्हणून मी सांगत बसले. म्हटलं, वहिनी, वॉकीचा आवाज फार लांब जात नाही. माहुलला तर सगळ्या तेलाच्या लोखंडी टाक्या, आवाज त्यांना अडतो. बेस उंचावर बसतो, सगळ्यांचं ऐकतो आणि तेच जोरात परत सोडतो, म्हणजे जेट्टीवरचा माणूस गेटवरच्या माणसाशी बोलू शकतो. दोन बेस आहेत, ते नेटवर्कने जोडलेत. कुठल्या लहरीवर ऐकायचं, कुठल्यावर बोलायचं, दुसऱ्या बेसला कुठे शोधायचं, हे सगळं त्याच्या सेटिंगमध्ये असतं. ते पुसलं गेलं तर तो नुसता डबा. वहिनी मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि ते पुसलं जाऊ नये म्हणून हे तिथं गेले होते?" मी हो म्हटलं. त्या दिवशी त्याच्यापुढचं सांगितलं नाही.

त्या दिवसाबद्दल आपण दोघांनीच बोलायला हवं. तुझ्याशिवाय ते दुसऱ्या कुणाला अर्धंसुद्धा कळणार नाही.

चेंबूरहून रिक्षात बसलो तेव्हाच आपलं सुरू झालं होतं. मला माहुलच्या सगळ्या वॉकींवर स्कॅन लावायचं होतं. म्हणजे वॉकी बेसचा चॅनेल ऐकताना मधूनमधून थेट चॅनेलसुद्धा ऐकेल. बेस बंद असताना वॉकीवरून वॉकीवर बोलायचा तो चॅनेल, नॉबवरचा अगदी शेवटचा. तुला स्कॅन नको होतं.

"स्कॅन लावलं की बोलणाऱ्याचा पहिला शब्द गिळला जातो," तू म्हणालास. "वॉकी तिकडे ऐकत असते, परत इकडे येईपर्यंत पहिला शब्द गेला. आग लागली तर माणूस काय भाषण करणार आहे? 'आग' म्हणेल. तोच शब्द गेला तर उरलं काय?"

"आणि तो घाबरून चुकीच्या चॅनेलवर बोलला तर? मग सगळेच शब्द गेले."

"त्यासाठी ट्रेनिंग आहे."

"विलास, घाबरलेल्या माणसाला ट्रेनिंग आठवत नाही."

"मला सांगतेस, घाबरलेल्या माणसाबद्दल?" तू म्हणालास, आणि आपण दोघंही हसलो. तेवढ्यात रिक्षा गेटवर आली. मी म्हटलं, "परत जाताना बोलू." तू मान हलवलीस.

आत जायच्या आधी नेहमीसारखे मोबाईल गेटवर जमा केले. तिथे ठिणगी चालत नाही, मोबाईल चालत नाही. आत माणसाला माणूस जोडलेला असतो तो फक्त वॉकीने. हे मला कायम माहीत होतं. त्याचा अर्थ काय, ते त्या दिवशी कळलं.

जेवणाच्या सुट्टीत काम करायचं ठरलं होतं, कारण तेव्हा टाक्यांवर कुणी नसतं. मी खाली कंट्रोल रूममध्ये हेमांगीच्या शेजारी बसले. हेमांगी कोळी, माहुल गावातलीच, तिथली ऑपरेटर, तुला 'सर' म्हणायची आणि तू तिला दर वेळी "सर नको गो, विलास म्हण" म्हणायचास. तू लॅपटॉपची बॅग घेऊन गच्चीवर गेलास, बेसच्या केबिनमध्ये. थोड्या वेळाने वॉकीवर तुझा आवाज आला.

"वैशाली, ऐकतेस?"

"ऐकते, बोल."

"बॅकअप घेतला. आता नवीन सॉफ्टवेअर टाकतोय. बेस थोडा वेळ गप्प होईल, घाबरू नको. परत आला की मी हाक मारतो."

"ठीक," मी म्हटलं.

आपलं शेवटचं बोलणं हे. माझा शेवटचा शब्द 'ठीक'. मी तो घरी अनेकदा म्हणून पाहिलाय, वेगवेगळ्या आवाजात. काही फरक पडत नाही.

मग बेस गप्प झाला. तो व्हायचाच होता. मी वॉकी टेबलावर ठेवली, बेसच्याच चॅनेलवर, कारण तो परत आलेला मला त्याच चॅनेलवर कळणार होता. हेमांगीने डब्यातलं सुकट पुढे केलं. आम्ही तिच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलत होतो. मधेच ती म्हणाली, "ताई, सर गप्पच झाले की."

"बेस रीस्टार्ट होतोय," मी म्हटलं. "परत येईपर्यंत असंच."

विलास, मी तिला समजावून सांगत होते. अगदी शिकवल्यासारखी. तू गप्प होतास आणि मला त्या गप्प असण्याचं कारण माहीत होतं, म्हणून मला काळजी वाटली नाही. सगळ्यात जास्त भीती मला याचीच वाटते. कारण माहीत नसतं तर मी धावले असते.

नेहमीपेक्षा उशीर झाला तेव्हा मी उठले. जिना चढताना मी वैतागलेली होते, काळजीत नव्हते. वाटलं, अपडेट अडकला असेल आणि तू लॅपटॉपसमोर डोकं धरून बसला असशील. तू बसलेलाच होतास. केबिनच्या बाहेर, भिंतीला टेकून, सावलीत. मला आधी वाटलं की उकडलं म्हणून बाहेर बसलायस. मी "काय रे" असं काहीतरी म्हटलं. मग तुझा चेहरा दिसला.

पुढचं तुला सांगण्यात अर्थ नाही. मी कठड्यावरून ओरडले, खालून फायरची माणसं धावत आली, त्यांनी छाती दाबली, ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक मोठा होता, लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. 'सांगता आलं नसतं' म्हणजे काय ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात गेले. तुझी बॅग कुणीतरी आणून टेबलावर ठेवली होती. लॅपटॉप, केबल, रुमाल आणि तुझी वॉकी. मी वॉकी चार्जरला लावायला उचलली आणि नॉबकडे लक्ष गेलं.

नॉब थेट चॅनेलवर होता.

मी तिथेच स्टुलावर बसले. पुष्कळ वेगळे विचार करून पाहिले. पडताना फिरला असेल. ॲम्ब्युलन्सवाल्याच्या हाताने फिरला असेल. बॅगेत घासून फिरला असेल. पण ही वॉकी तू स्वतः निवडली होतीस, तिचा नॉब कडक आहे म्हणून. "सहज फिरायला नको," म्हणाला होतास. आणि बेसचा चॅनेल पहिला, थेट चॅनेल शेवटचा. एक एक टिचकी देत तिथपर्यंत जावं लागतं. हात थरथरत असला तरी मोजत जावं लागतं.

तुला माहीत होतं की बेस बंद आहे. तुला हेही माहीत होतं की मी बेसच्या चॅनेलवर वाट बघतेय, दुसरीकडे ऐकत नाहीये. तरी तू तो फिरवलास आणि बटण दाबलंस. काय म्हणालास, विलास? माझं नाव घेतलंस का? वहिनींना काही निरोप? की नुसतं 'ये'? मी खालच्या मजल्यावर होते. तुझा आवाज भिंतीतून, स्लॅबमधून, माझ्या डोक्याच्या आरपार गेला असेल. समोरच्या टेबलावरच्या वॉकीच्या आरपार गेला असेल. आणि मी सुकट खात होते.

तुझ्यावर रागही येतो. स्कॅन लावलेलं असतं तर ऐकू आलं असतं. पहिला शब्द गेला असता, दुसरा आला असता. एक शब्द पुरे होता, मी धावत आले असते. आपलं भांडण मी जिंकले, आणि ते मी तुला सांगू शकत नाही, आणि सांगता आलं असतं तरी तोंड उघडलं नसतं.

मग माहुलहून दळवी साहेबांचा फोन आला, तिथले सेफ्टी ऑफिसर. आवाजात संकोच होता. "मॅडम, या वेळी बोलू नये, कळतंय मला. पण बेस तसाच पडलाय. टाकी सफाईसाठी उघडून ठेवलीय. रेडिओ नसताना मी माणसं आत घालणार नाही. थेट चॅनेलवर टाकीपाशी उभ्या माणसाचा आवाज कंट्रोल रूमपर्यंत येत नाही, मधे सगळ्या टाक्या. आणि उघडी टाकी फार दिवस ठेवणं बरोबर नाही."

आपले मालक म्हणाले की बाहेरून दुसरा इंजिनिअर बोलावू, तू नको जाऊस. मला तेच हवं होतं. त्या गच्चीवर परत पाय ठेवायची माझी छाती नव्हती. पण तुझ्या लॅपटॉपवर तू घेतलेली ती फाईल होती, शेवटची. बाहेरचा माणूस येईल, त्याला वाटेल की नव्याने सगळं भरू, आणि जेट्टीकडच्या बेसशी जोडणी कशी केली ते त्याला कुठून कळणार? अंदाजाने काहीतरी टाकेल. वॉकी बोलतील, सगळे खूश होतील, आणि कुणी वॉकीवरचं संकटाचं लाल बटण दाबलं तर ती हाक कुठेच जाणार नाही. हे सुचलं आणि मी मालकांना थांबवलं. मी म्हटलं, मीच जाते. तुझ्यासारखंच वागले बघ. घाबरून गेले.

दळवी साहेबांना आधीच सांगितलं, गच्चीवर मी एकटी बसणार नाही. माझ्याजवळ एक माणूस उभा हवा, सगळा वेळ. आणि हेमांगी खाली थेट चॅनेलवर वॉकी घेऊन बसेल. त्यांनी मान्य केलं, फायरचे राणे माझ्याबरोबर वर आले. तुझी छाती दाबणारे तेच होते, हे मला वर गेल्यावर ओळखू आलं. ते भिंतीच्या त्या जागेकडे पाठ करून उभे राहिले. मीही तिकडे पाहिलं नाही.

बेसचा पिवळा दिवा लागलेला होता. केबल लावली, लॅपटॉप उघडला. आत सगळं कोरं. नवीन सॉफ्टवेअर नीट बसलं होतं, पण बसताना जुनी सेटिंग पुसून गेलं होतं. तुझी फाईल परत टाकली की काम झालं असतं. तेवढंच करायचं तुझं राहिलं होतं.

रिस्टोअरवर बोट नेलं आणि थांबले. म्हटलं, विलास असता तर काय केलं असतं? मग त्या कोऱ्या बेसचाही बॅकअप घेतला. रिकाम्या डब्याचा बॅकअप. राणेंनी विचारलं, "झालं का मॅडम?" मी म्हटलं, "नाही, अजून सुरू केलं नाही." मला वाटतं ते चक्रावले.

तुझी फाईल निवडली. रिस्टोअर दाबलं. थोडा वेळ पट्टी सरकली आणि लाल चौकट आली. फाईल जुन्या सॉफ्टवेअरची आहे, स्वीकारता येत नाही.

चौकट परत वाचली. तेच होतं. फाईल होती, पण बेस तिला ओळखत नव्हता. तू नेहमी म्हणायचास, "परत टाकून पाहिला नाही तोपर्यंत त्याला बॅकअप म्हणू नको." आणि मी म्हणायचे, चालू मशीनवर कोण टाकून बघणार, उगाच कशाला छेडायचं? हेही आपलं जुनं भांडण. ते तू जिंकलास. तिथे बसून तुला तसं मोठ्याने सांगितलंसुद्धा. राणे म्हणाले, "माझ्याशी बोललात?"

एकच रस्ता होता. बेसमध्ये आधी जुनं सॉफ्टवेअर परत घालायचं, मग तुझी फाईल. म्हणजे परत रीस्टार्ट. परत तेच गप्प होणं. मधेच वीज गेली किंवा केबल हलली तर डबासुद्धा उरणार नाही.

वॉकी उचलली. "हेमांगी, आता बेस बंद होईल. तू थेटवरच राहा. मी हाक मारत राहीन, तू उत्तर दे."

"हो ताई. मी हाय इथंच."

जुनं सॉफ्टवेअर सोडलं. बेसचे सगळे दिवे विझले. मी वॉकीचं बटण दाबलं.

"हेमांगी?"

"हाय ताई."

जरा थांबून परत. "हेमांगी?"

"हाय."

मी तिला सारखी हाक मारत होते. दिव्यांकडे बघायचं सोडून वॉकीकडे बघत होते. एकदा तिचं उत्तर यायला उशीर झाला आणि मी उठून उभी राहिले, जिन्याकडे निघालेच. राणेंनी दंडाला धरलं. मग तिचा आवाज आला, "ताई, पाणी पीत होते. हाय मी." तिचाही आवाज कापत होता. मला वाटलं होतं की घाबरलेली मी एकटीच आहे. पण त्या दिवशी माझ्या शेजारी तीच बसली होती ना. तिनेच पहिल्यांदा म्हटलं होतं, सर गप्प झाले.

पिवळा दिवा आला. जुनं सॉफ्टवेअर बसलं. तुझी फाईल परत निवडली, दाबलं. पट्टी सरकली. चौकट आली नाही. बेस परत एकदा बंद झाला, परत तेच, हेमांगी, हाय ताई, हेमांगी, हाय. आणि मग हिरवा दिवा लागला. तू सगळी सेटिंग जशी ठेवली होतीस तशी एक एक करून स्क्रीनवर आली. जेट्टीकडच्या बेसचं नावसुद्धा. तू त्याला 'धाकटा' असं नाव दिलं होतंस, ते मला माहीतच नव्हतं.

हेमांगीला बेसच्या चॅनेलवर यायला सांगितलं. तिचा आवाज मोठा आणि स्वच्छ आला. जेट्टीवरून एकाने विचारलं, "आला का बेस?" मी म्हटलं, "आला." मग लाल बटण दाबलं आणि खाली कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजला. मी दचकले. टेस्ट होती, मीच दाबलं होतं, तरी.

दळवी साहेबांनी स्कॅनचं विचारलं. "तुमच्यात काहीतरी ठरायचं होतं ना? विलास साहेब म्हणाले होते की बघून सांगतो." मी खूप विचार केला. स्कॅन लावलं नाही. तुझं म्हणणं खरं आहे, पहिला शब्द जातो, आणि टाकीच्या तोंडाशी उभ्या माणसाकडे एकच शब्द असेल. पण कंट्रोल रूममध्ये एक दुसरी वॉकी ठेवायला लावली, कायम थेट चॅनेलवर, कायम चालू. म्हणजे पहिला शब्दही जाणार नाही आणि निदान जवळून, गच्चीवरून, चुकीच्या चॅनेलवर आलेलाही ऐकू येईल. इतकी साधी गोष्ट. रिक्षा जरा अजून चालली असती तर आपल्याला सुचली असती. तू म्हणाला असतास, "आणि ती चार्जरला कोण लावणार?" हेमांगी म्हणाली, मी लावीन.

दुपारनंतर माणसं टाकीत उतरली. माझं काम संपलं होतं, गाडी उभी होती, पण मी निघाले नाही. ती सगळी बाहेर येईपर्यंत हेमांगीच्या शेजारी बसून राहिले. टाकीच्या तोंडावरचा माणूस सारखा आतली खबर देत होता, "सगळे ठीक." दर वेळी तो 'ठीक' म्हणायचा आणि मी पुढच्या 'ठीक'ची वाट बघायला लागायचे. शेवटचा माणूस बाहेर आल्याचं ऐकलं तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवलं. हेमांगीने पाठीवर हात ठेवला.

तिथून घाटकोपरला घरी न जाता मुलुंडला तुझ्या घरी गेले. वहिनी आतल्या खोलीत होत्या. तुझी बहीण स्वयंपाकघरात, बाकी कुणी नव्हतं. मी सांगितलं, बेस चालू झाला, त्यांच्या फाईलनेच झाला. त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, जे विचारतील म्हणून मी इतके दिवस त्या घरात जास्त थांबत नव्हते.

"वैशाली, शेवटाक काय बोलले काय गो ते?"

मी खोटं ठरवून ठेवलं होतं. लगेच गेले, कळलंसुद्धा नसेल, झोपल्यासारखे दिसत होते. सगळे असंच सांगतात. तोंडापर्यंत आलं होतं. पण टाकीवरच्या त्या माणसाचा आवाज कानात होता, आणि मला नाही जमलं. मी सगळं सांगितलं. बेस बंद होता, मी दुसऱ्या चॅनेलवर होते, नॉब फिरवलेला होता. ते काहीतरी बोलले, वहिनी, आणि मी ऐकलं नाही. कुणीच ऐकलं नाही.

बोलून झाल्यावर मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्या मला जा म्हणतील असं वाटत होतं. आता कधी या घरात येऊ नको म्हणतील. इतकी भीती मला गच्चीवरसुद्धा वाटली नव्हती.

मग त्या म्हणाल्या, "माका वाटलेला, गप पडले आसतले. कोणाक हाक मारूक पण गावली नसतली. रोज रात्री तेच डोळ्यापुढे येय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग काढला. "म्हणजे हाक मारल्यानी."

"हो," मी म्हटलं.

तुझी बहीण चहा घेऊन आली. वहिनींनी तिच्याकडे वर बघितलं आणि घाईघाईने म्हणाल्या, "गो, वैशाली सांगता, ह्येंनी हाक मारल्यानी." कुणीतरी गावाहून सुखरूप पोचल्याचं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. हाक कुणी ऐकली नाही, हे त्या बोलल्या नाहीत. मीही परत बोलले नाही. चहा घेतला आणि अंधार पडेपर्यंत त्यांच्याजवळ बसले.